रेघेखालचा नमुना

"लहान पोरं काय रेघेपर्यंत भरून देणार आहेत का तुला?" असं लॅबच्या ताईंनी विचारलं तेव्हा मला सातवा महिना होता आणि मी पोटावर वही टेकवून त्यांच्या सूचना उतरवून घेत होते. ही एवढी एकच उतरवून घेतली नाही.

लघवीचा नमुना घ्यायची डबी. तिचा आराखडा माझा. "त्यात डिझाइन काय करायचं? भांडं ते भांडं," असं माझी बहीण अजून म्हणते. पण पूर्वी लॅबमध्ये एका डबीतलं दोन नळ्यांत ओतावं लागायचं. सांडायचं, हात लागायचा, नमुना वाया जायचा. माझ्या डबीत मधोमध छपरासारखा उंचवटा होता. धार त्यावर पडली की निम्मी डाव्या कप्प्यात, निम्मी उजव्या. डावीकडचं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, उजवीकडच्यातले जंतू वाढवून बघायचे. लॅबपर्यंत पोचेतो जंतू वाढू नयेत, आहेत तेवढेच राहावेत, म्हणून उजव्या कप्प्याच्या तळाला चिमूटभर पांढरी पूड. ती दहा मिलीच्या मापाने घातलेली, आणि तेवढ्या उंचीवर आतून एक रेघ.

"कमी भरलं तर पूड जास्त होते," ताई म्हणाल्या. "मग जंतू नुसते थांबत नाहीत, मरतात. पोर आजारी आणि रिपोर्ट स्वच्छ."

"ताई, कागदावर ठळक छापलंय ना, रेघेपर्यंत भरा म्हणून."

"हो का? पोरं कागद वाचून शू करतात वाटतं तुमच्याकडे!" माझ्या पोटाकडे बघून त्या हसल्या. "येऊ दे बाळाला बाहेर. मग बोलू."

मीही हसले. वर आणखी एक शहाणपणा केला: चारचौघांत हातात धरून न्यायला लाज वाटते म्हणून डबी दुधासारखी पांढरी केली. बाहेरून काही दिसेना. रेघही. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

ती पोटातली आता एकवीस महिन्यांची आहे. घरात सगळे तिला मुंगी म्हणतात, कारण ती कायम कुठल्या तरी कोपऱ्यात काहीतरी ओढत असते. गेल्या महिन्यात ती ओढायची थांबली. तीन दिवस ताप. सर्दी नाही, खोकला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लघवी तपासून घेऊ. जंतू निघाले तर लगेच औषध. या वयात ताप मूत्रपिंडापर्यंत जायला वेळ लागत नाही."

मूत्रपिंड हा शब्द मी तिथून घरी येईपर्यंत मनात धरून होते.

लॅबमध्ये गेलो तर हातात माझीच डबी आली. मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. पाऊण तास आम्ही दोघं त्या न्हाणीघरात. नवरा नळ सोडतोय, मी शूऽऽ शूऽऽ करतेय, मुंगी दोघांकडे वेड्यांकडे बघावं तशी बघतेय. शेवटी "हात भरून आला, जरा धर गं," म्हणून त्याने डबी माझ्याकडे देईपर्यंत तिने निम्मं त्याच्या शर्टावर सोडलं. उरलेलं डबीत. थोडंसंच. पण दोन्ही कप्पे ओले झाले होते, आणि मुंगी रडत होती. मी झाकण लावून टाकलं.

बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते. मांडीवर नात, पिवळ्या स्वेटरातली, मुंगीएवढीच, डोळे तापाने जड. त्यांच्या हातात तशीच डबी. "एवढ्याने भागेल का हो?" त्यांनी झाकण उघडून मला दाखवलं. आमच्याइतकंच होतं.

"भागेल की, आजोबा. ही डबी मीच केलीय," मी म्हणाले.

"तुम्ही? मग काय बघायलाच नको!" म्हणत त्यांनी ती निर्धास्त खिडकीत दिली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. डाव्या कप्प्यात पू-पेशी पुष्कळ. उजव्यात जंतूंची वाढ नाही. डॉक्टरीणबाईंनी क्षणभर भुवया आक्रसल्या, मग म्हणाल्या, "जंतू नाहीत, हे महत्त्वाचं. साधा ताप असेल, उतरेल." नवऱ्याने गाडीत बसल्या बसल्या सगळ्यांना फोन केले.

ताप उतरला नाही. रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी माझ्या खांद्यावर नुसती पडून होती आणि माझ्या डोक्यात तो रिपोर्ट फिरत होता. एकाच धारेचे दोन भाग. एक म्हणतो आत काहीतरी बिघडलंय, दुसरा म्हणतो काहीच नाही. दोघांतला एक खोटं बोलत होता, आणि त्या दोघांना वेगळं मीच केलं होतं.

मी तिला सासूबाईंकडे दिलं, ऑफिसच्या पिशवीतून कोरी डबी काढली आणि स्वयंपाकघरात तापाच्या औषधाच्या मापाने पाणी ओतायला लागले. त्या दिवशी जेवढं होतं, आठवून आठवून, तेवढंच.

"पोरगी निखाऱ्यासारखी तापलीय आणि तू पाणी कसलं मोजतेस?" सासूबाई दारातून.

"आई, एक मिनिट."

"तुझं एक मिनिट मला ठाऊक आहे."

उजव्या कप्प्यात तीन मिली उतरलं. रेघ कुठच्या कुठे वर. तळाची पूड धड विरघळलीसुद्धा नाही; बोट लावलं तर खरखरीत. माझ्या तोंडून काय निघालं कुणास ठाऊक, सासूबाई काही न विचारता मुंगीला स्वेटर घालायला लागल्या.

या वेळी नमुना घेतला साध्या, एका कप्प्याच्या, बिनपुडीच्या डबीत. बर्फात ठेवून वीस मिनिटांत लॅबमध्ये पोचवला. डॉक्टरीणबाईंनी मी फोनवर सांगितलेलं ऐकून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच संध्याकाळी औषध सुरू केलं. ताईंनी डबी माझ्या हातातून घेतली, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि ती घेऊन तशाच आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "आलेत गं. भरपूर आलेत."

मुंगी आता बरी आहे. काल तिने माझी चप्पल ओढून पलंगाखाली नेली. तिच्या मूत्रपिंडाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. त्याबद्दल मी आत्ता लिहू शकत नाही.

डबीचं उत्पादन थांबवलंय. मी साहेबांना सगळं सांगितलं, वहीत न लिहिलेल्या त्या वाक्यासकट. ताईंनी ती डबी वापरलेल्या सगळ्या लहान मुलांची यादी काढली आणि आम्ही दोघींनी फोन लावले. ज्यांचे नमुने कमी होते त्यांना परत बोलावलं. सगळे लागले, एक सोडून. आजोबांनी लिहून दिलेला नंबर चुकीचा आहे. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. पत्ता नाही. जंतू नाहीत असा रिपोर्ट ते केव्हाच घेऊन गेलेत. मी पाच दिवस सकाळी त्या बाकावर जाऊन बसले. ते आले नाहीत. कशाला येतील? जिने डबी केली तिनेच भागेल म्हणून सांगितलं होतं.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या शेजारी, जिन्यात, बागेत असे एक आजोबा दिसतात का? उंच, जरा वाकलेले, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. बरोबर दोनेक वर्षांची नात, पिवळा स्वेटर. असतील तर कृपा करून त्यांचं दार वाजवा. ती कशी आहे विचारा. ते म्हणतील, रिपोर्ट स्वच्छ आलाय. त्यावर जाऊ नका. आत जा, आणि तिच्या कपाळाला हात लावून बघा.