गाडीला झेपेल तेवढं

एकतीस वर्षं ऑर्लन दुसऱ्यांच्या ट्रकांची वजनं करत आला. गावाबाहेरच्या धान्यकोठारावर काट्याच्या खोलीत बसायचं, गव्हाचा ट्रक काट्यावर उभा राहिला की आकडा वाचायचा आणि भोंग्यावर सांगायचा. म्हणून निवृत्तीनंतर त्याने झोपायची सोय असलेला लहानसा ट्रेलर घेतला, तेव्हा आपल्या मिनीव्हॅनला तो झेपेल का, याबाबत दुकानदाराच्या शब्दावर त्याचा विश्वास बसेना.

"मजेत ओढेल," दुकानदार म्हणाला होता.

"रिकामा असला तर," ऑर्लन म्हणाला. "रिकामा ट्रेलर घेऊन कोण फिरायला जातं?"

गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं की गाडी, ट्रेलर, माणसं, सामान सगळं मिळून आठ हजार चारशे पौंडांच्या वर जाऊ देऊ नका. वर गेलं तर उतारावर ब्रेक पुरत नाहीत, आणि ट्रेलर एकदा डोलायला लागला की गाडीलाच रस्त्याखाली ओढून नेतो.

"पुस्तकं लिहिणारे सगळे भित्रे," थोरला भाऊ रुबेन म्हणाला. "बाबांनी जुन्या ट्रकला बांधून अख्खी लाकडी कोठी ओढत आणली होती."

"निम्म्या वाटेपर्यंत. अजून पडली आहे ती तिथल्या खड्ड्यात."

"पण निम्मी वाट आणली ना!"

रुबेनने लग्न केलं नव्हतं. जमीन दुसऱ्याला कसायला देऊन तो शेतावरच्या घरात एकटा राहत होता. ऑगस्ट म्हणजे सुगी, त्यामुळे दोघा भावांनी जन्मात कधी ऑगस्टमध्ये सुट्टी घेतली नव्हती. या वर्षी पहिल्यांदाच दोघंही मोकळे होते. ऑर्लन, त्याची बायको आर्लिस आणि रुबेन, असे तिघं आठ दिवस पूर्वेकडच्या तळ्यावर मासे धरायला जाणार होते. अख्खा हिवाळा रुबेनच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मासेमारीचा परवाना त्याने मार्चमध्येच काढून ठेवला. बोटीत घालायचं जाकीट त्याच्या मापाचं दुकानात मिळेना, तर टपालाने मागवलं.

निघायच्या सकाळी ऑर्लनने गाडी आधी कोठारावर नेली. अकरा ट्रक रांगेत होते. त्याच्या खुर्चीवर आता ट्वायला बसत होती. तिने जुन्या ओळखीने त्याला मध्येच घेतलं.

"ऑर्लन," भोंगा वाजला, "आठ हजार सहाशे चाळीस."

बाहेरच्या पाटीवर तेच आकडे हातभर उंचीचे, लालभडक, ड्रायव्हरांना लांबून दिसावेत असे. दोनशे चाळीस पौंड जास्त.

"माझे बिडाचे तवे काढू का?" आर्लिस म्हणाली.

"तव्यांनी काय होतंय?"

आणि मग, इतकी वर्षं हेच करत आलेल्या माणसाच्या तोंडून जावं तसं त्याच्या तोंडून गेलं, "रुबेन, जरा उतर बघू खाली."

रुबेन दाराला धरून सावकाश उतरला. गाडी चांगली चार बोटं वर उचलली गेली. पाटीवरचे आकडे फिरले आणि आठ हजार तीनशे वीसवर थांबले.

ट्वायलाही सवयीची गुलाम. "तीनशे वीस कमी," तिने भोंग्यावर सांगून टाकलं.

रांगेतल्या एका ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "ए ऑर्लन, वळूला भाव काय मिळाला?"

सगळी रांग हसली. ऑर्लनही हसला. मुद्दाम नाही, आलं हसू आणि फुटलं. रुबेनने पोटावरून हात फिरवत म्हटलं, "अरे, उन्हाळ्यात वजन उतरलंय माझं, नाहीतर अजून मिळाला असता!" लोक आणखी हसले.

हसणं ओसरल्यावर तो गाडीच्या खिडकीशी आला.

"तुम्ही दोघं व्हा पुढे. कुत्रीला पिल्लं व्हायचीत. मला तसंही तिला सोडून यायचं जिवावर आलं होतं."

रुबेनची कुत्री तेरा वर्षांची होती. तिला आता पिल्लं होणार नाहीत हे तिघांनाही ठाऊक होतं. पण त्या मुलखात कुणी असं कारण पुढे केलं की ते खोडून काढायची रीत नाही. आर्लिसने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाटीकडे पाहत होता.

रुबेनने आपली पिशवी काढून घेतली आणि रिकामा होऊन परतणाऱ्या एका ट्रकमध्ये बसून तो घरी गेला.

वाटेत गाडी कुठे कुरकुरली नाही, ट्रेलर तसूभर डोलला नाही. आकडा बरोबर होता.

तळ्यावर पोहोचल्यावर आर्लिसने कॉफीचं भांडं घेतलं आणि ती बाहेर गेली. ट्रेलर उभा करायच्या जागेला लागूनच नळ होता. शेजारच्या जागेलाही होता. प्रत्येक जागेला होता. भांडं भरून ती परत आली ती दारातच थांबली.

"नळ आहेत इथे. मग ट्रेलरची टाकी भरून पाणी कशाला आणलं आपण?"

ऑर्लन खिडकीचा पडदा सरकवू लागला.

"किती मावतं तिच्यात?"

"छत्तीस गॅलन."

"म्हणजे पौंड किती?"

त्याला हिशेब करावा लागला नाही. "तीनशे."

आर्लिसने भांडं खाली ठेवलं. "काट्यावर आठवलं नाही तुला?"

"नाही," तो म्हणाला.

रात्री तो तिच्या शेजारी जागाच पडून राहिला. तिला कळलं होतं की नाही देव जाणे, पण त्याला आठवलं होतं. रुबेनचा पाय जमिनीला लागत होता तेव्हाच आठवलं होतं. खालची तोटी सोडली असती तर अर्ध्या तासात टाकी रिकामी झाली असती. मागे अकरा ट्रक खोळंबले होते, हे खरं. पण रस्त्याच्या कडेला गाडी घेता आली असती. खरं कारण वेगळंच होतं. एवढ्याशा खोलीत आठ रात्री रुबेनचं घोरणं, त्याच्या त्याच त्या गोष्टी, पडद्याआड कपडे बदलणारी आर्लिस, याची धास्ती त्याने महिनाभर मनात दाबून ठेवली होती. भावाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. काट्याने म्हटलं, आणि त्याने म्हणू दिलं.

मासे भरपूर लागले. चौथ्या दिवशी आर्लिस म्हणाली, "चल, जाऊ घरी," आणि त्याने का म्हणून विचारलं नाही.

बर्फात घातलेले मासे घेऊन तो एकटाच रुबेनकडे गेला. रुबेनने कढई चढवली. मासे परतत असताना ऑर्लन त्याच्या पाठीशी बोलला. समोरासमोर बोलायचा धीर नव्हता.

"रुबेन, त्या दिवशी पाण्याची टाकी भरलेली होती."

"माहीत आहे. मीच भरली होती ना आदल्या संध्याकाळी. तुमच्या गावच्या पाण्याला वास येतो म्हणून माझ्या विहिरीचं भरलं."

"मग बोलला का नाहीस?"

रुबेनने मासा उलटला. "तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

"मला आठवलं होतं, रुबेन."

"हो. दिसलं ते."

त्याने पुढचा तुकडा कढईत सोडला.

"मी हसायला नको होतं."

"सगळेच हसले की. मीसुद्धा हसलो."

"पुढच्या जूनमध्ये चल. टाकी कोरडी ठेवतो. तवेही ठेवतो घरी."

"बघू," रुबेन म्हणाला. त्या मुलखात बघू म्हणजे काय, हे दोघांनाही लहानपणापासून कळत होतं.

ते जेवायला बसले. रुबेनने भावाच्या ताटात चार तुकडे वाढले, वर बटाटे घातले, आणि आपल्या ताटात एकच घेतला, शेपटाकडचा.

"अरे, घे की अजून," ऑर्लन म्हणाला. "एवढे आणलेत."

"नको. पुरे मला."

सत्तर वर्षांत ऑर्लनने त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. त्याने कढईतला एक तुकडा उचलून भावाच्या ताटाकडे नेला. रुबेनने ताटावर आडवा हात धरला आणि मानेनेच नाही म्हटलं. रागाने नाही, अगदी सौम्यपणे, परक्या घरी पाहुणा म्हणतो तसं.