खांड्या डोंगराच्या दोन काचा

मित्रांनो, सागवानी पेटी, पितळी बिजागऱ्या आणि पुढे एकच डोळा, असा मी जुन्या घडणीचा कॅमेरा. माझ्या कातडी भात्याला आता भोके पडली आहेत. आत अंधार टिकत नाही, म्हणून माझ्याकडून फोटो निघत नाही. सांगण्यासारखी एक हकिकत मात्र माझ्याजवळ आहे. ती आनंदाची नाही.

नागपूरच्या एका कारागिराने मला घडवले आणि १९५६ साली भीमराजने मला ढाणकीला आणले. त्याच वर्षी दसऱ्याला तो बुद्धाच्या धम्मात आला होता. बाजाराच्या टोकाला त्याची पत्र्याची खोली होती. मागे रंगवलेला पडदा, पुढे एक खुर्ची. पहिला फोटो मी घेतला तो त्याच्या बायकोचा, नलूचा. पांढऱ्या लुगड्यात ती इतकी ताठ बसली, की भीमराजला हसू आवरेना. पुढे लग्ने, बारशी, शाळेचे वर्ग सुरू झाले. लोक म्हणत, "भीमराजच्या फोटोतला मानूस आता बोलते का मंग बोलते!" ते ऐकून मला फार अभिमान वाटे.

ढाणकीहून सायकलने जाता येईल अशा एका गावात भीमराजची मावशी मथुराबाई राहत होती. धम्म घेतल्यावर तिथल्या बौद्ध घरांनी गावची मेलेली जनावरे ओढणे सोडले. त्यावर गावाने त्यांना मजुरी देणे सोडले. गावाच्या दक्षिणेला एक डोंगर होता. माथ्यावर मधोमध खाच, म्हणून सगळे त्याला खांड्या म्हणत. त्याच्या उतारावरचे गायरान पडीक होते. मथुराबाईने आणि आणखी काही घरांनी तिथले दगड वेचले, बांध घातले, ज्वारी पेरली. उतार हिरवा झाला, तसा तो गावच्या रामराव पाटलांच्या डोळ्यांत भरला.

तक्रार एका साहेबांपुढे गेली. जो ही जमीन कसतो हे दाखवील त्याला ती मिळेल, असे साहेब म्हणाले. रामराव म्हणू लागले, तिथे कधी काही पिकलेच नाही.

मथुराबाई चालत ढाणकीला आली. "भीमराज, साहेबाले माही ज्वारी दाखवाची हाय. कनसात हाय तवरच फोटो काढ बाबा."

थंडीतल्या एका सकाळी भीमराजने मला खांड्यासमोर उभे केले आणि तिथेच तो अडला. उतारावर जेमतेम तिरपे ऊन टेकले होते आणि मागचे आभाळ लख्ख होते. ज्वारी दिसेल इतका उजेड माझ्या पोटात घेतला, तर माथा आभाळाच्या पांढऱ्यात विरून जाई. खाचच दिसली नाही, तर हा खांड्या कशावरून? आणि खाच स्वच्छ येईल इतकाच उजेड घेतला, तर ज्वारीच्या जागी काळा डाग उरे. मित्रांनो, तुमचा डोळा दोन्ही एकदम पाहतो. माझी तेवढी ताकद नाही.

"दोन काचा काढू," भीमराज म्हणाला. माझा फोटो आधी मसाला लावलेल्या काचेवर उमटे, मग तिच्यावरून कागदावर उतरे. माझ्या तिपाईच्या पायांशी त्याने खुणेचे दगड रोवले आणि मला जरासुद्धा न हलवता एक काच ज्वारीसाठी घेतली, दुसरी माथ्यासाठी. घरी नलू माथ्याच्या रेघेवरून पुठ्ठा कापणार होती. आधी वरचा भाग झाकून कागदावर ज्वारी उतरवायची, मग खालचा भाग झाकून माथा. जे डोळ्याला दिसते तेच कागदावर येणार होते. त्यात खोटे काही नव्हते.

पण खिडकीत वाळत ठेवलेली माथ्याची काच वाऱ्याने खाली पडली आणि फुटली. त्याच आठवड्यात रामरावांची गुरे ज्वारीत शिरली. साहेब पाहणीला आले तेव्हा तुडवलेल्या ढेकळांत जनावरे चरत होती. मथुराबाईची ज्वारी आता माझ्या एका काचेवर तेवढी उरली होती.

भीमराज मला सायकलवर बांधून पुन्हा निघाला. पोचेपर्यंत दिवस कलला. खुणेचे दगड जागच्या जागी होते.

"आज इथंच राह्य," मथुराबाई म्हणाली. "सकाळी काढजो, त्याच उजेडात."

पहिल्या काचा घेतल्या त्या सकाळी आभाळ कोरे होते. आज मात्र खांड्यावर ढगांचे डोंगर चढले होते आणि त्यांची उजवी अंगे तांब्यासारखी तापली होती. भीमराज कितीतरी वेळ नुसता पाहत राहिला.

"मावशी, असं आभाळ पुन्हा भेटत नाही. आपल्याले माथाच तर पाह्यजे." आणि त्याने माझा डोळा उघडला.

तो फोटो! तसा फोटो मी जन्मात दुसरा दिला नाही. खाली कणसे लगडलेली ज्वारी, मधे राखणीचा माळा, वर खांड्याची खाच आणि तिच्यावर ते ढग. मथुराबाईने फोटोतल्या ज्वारीला बोट लावून पाहिले.

सुनावणीला भीमराजने मलाही सोबत नेले. साहेबांनी फोटो हातात घेतला. "सुंदर आहे," ते म्हणाले.

रामरावांनी तो मागून घेतला आणि खिडकीशी नेला. मग ते हसले. "साहेब, हा माळा पाहा. याची सावली उजवीकडं पडली. म्हंजे सकाळ झाली. आन् ढग पाहा, उजवीकडूनच उजळले. म्हंजे दिवस बुडून राह्यला. एका फोटोत सकाळ आन् सांज कशी काय?"

साहेबांनी भीमराजकडे पाहिले. "हा फोटो एकाच वेळचा आहे का?"

"नाही साहेब. दोन काचा जोडल्या. पन ज्वारी तिथलीच हाय." त्याने दोन्ही काचा पुढे ठेवल्या.

साहेबांनी त्या उजेडात धरल्या. "हिच्यात ज्वारी आहे, पण डोंगर ओळखू येत नाही. हिच्यात डोंगर आहे, पण ज्वारी नाही. ढग दुसऱ्या वेळचे आणलेत, तर ज्वारी दुसऱ्या जागेची आणली नसेल कशावरून?"

भीमराजने काचा उचलून फडक्यात गुंडाळल्या.

उतार गेला. रामरावांची गुरे तिथे राजरोस चरू लागली. कोणी मारेगावकडे कापूस वेचायला गेले, कोणी बाभुळगावला. मथुराबाई मुलासोबत मारेगावला गेली. जाताना भीमराजला कोणी दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

घरी येऊन त्याने फोटो फाडला. मग घमेल्यात गरम पाणी ओतून दोन्ही काचा त्यात टाकल्या.

"काहून असं करून राह्यले तुमी?" नलू धावत आली. "ज्वारीची काच तरी ठेवा!"

"खोटी हाय ते," तो म्हणाला आणि नखाने काच खरवडू लागला. सायीसारखी ज्वारी सुटली आणि मोरीतून वाहून गेली.

त्यानंतर त्याने मला कधी उघड्यावर उभे केले नाही. पुढे त्याने लहानसा रोलचा कॅमेरा घेतला आणि मी फळीवर गेलो. धूळ आली, मग उंदीर आले.

किती वर्षे गेली कोण जाणे, एक दिवस मथुराबाई नातीला घेऊन दारात उभी राहिली. ती फार वाळली होती.

"भीमराज, थो फोटो दे बाबा. या पोरीले दाखवाचा हाय. आपलं वावर होतं म्हटलं, तं इले पटतच नाही."

"तो खोटा ठरला ना मावशी."

"साहेबाले ठरला असंन. मले कायले ठरंन? माही ज्वारी मले वळखू येत नाही का?"

भीमराजने मान खाली घातली. नलूच बोलली, "काच धुऊन टाकली, मावशी. फोटोही नाही."

मथुराबाई मागे वळली. पदराने तोंड पुसून तिने पोरीचा हात धरला. उंबऱ्यावर पोरीने विचारले, "म्हंजे वावर नव्हतंच ना, आजी?" मथुराबाई तिला घेऊन चालू लागली. दोघी बाजाराच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असे मी म्हणत नाही. माझे दिवस सरले. पण कोणी मोठ्या माणसाने तुमचे खरे खोटे ठरवले, तरी ते आपल्या हातांनी पुसू नका. भीमराज अजून दुकानात बसतो. गिऱ्हाइकाला हनुवटी वर करा म्हणून सांगतो. फळीकडे तो कधी पाहत नाही.