चौथी अट

ज्ञानेश्वरीचं पत्र पाच वर्षं माझ्या लॉगॅरिदमच्या जुन्या पुस्तिकेत पडून आहे. दोन हजार वीसच्या दिवाळीत ते आलं. पत्र लहानच आहे.

‘सर, शाळेच्या खांबावर तुम्ही लावलेल्या यादीचा फोटो माझ्याकडे आहे. पहिल्या तीन अटी कशासाठी ते कळलं. चौथी कुणी घातली? भाऊ शेजारी नको, असं बाबांनीच सांगितलं होतं का? तसं असेल तरी कळवा. मी सहन करीन. तुमची विद्यार्थिनी.’

मी उत्तर दिलं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात मुंबईची माणसं गावी येत होती आणि गाव त्यांना घरात घ्यायला तयार नव्हता. आधी चौदा दिवस शाळेत, मग घरी, असं ठरलं होतं. मी निवृत्तीनंतर गावच्या घरी एकटा राहत होतो. एका सकाळी सरपंच विनोद अंगणात येऊन लांबच उभा राहिला. मास्क हनुवटीवर होता.

“सर, साप्ताहिकात तुमची कोडी छापून येतात ना? मग हे एक सोडवा. ओळीने पाच खोल्या, चार बिऱ्हाडं, सगळी एकाच भावकीतली. सकाळपासून डोकं खाल्लंनी माझं.”

“मी कशाला? मला माणसांतलं काही...”

“तुमचंच ऐकतील. मी सांगितलं तर म्हणतील, निवडणुकीची सोय बघतोय.”

त्याने गरजा सांगितल्या. ओमकारची बायको गरोदर होती. तिला संडासाजवळची पहिली खोली हवी. राजश्री एकटी, लहान मनस्वीला घेऊन आलेली. तिला ओमकारच्या लगतची खोली, म्हणजे दुसरी. शिवा एकटाच, त्याला दम्याचा खोकला, तेव्हा त्याची खोली त्या लहान मुलीच्या खोलीला लागून नको. चौथं बिऱ्हाड म्हणजे शिवाचा धाकटा भाऊ बाबू. त्याचं काही मागणं नव्हतं. एक खोली रिकामी राहणार होती.

एवढंच. विनोद गेला आणि मी कागद घेऊन बसलो. पहिल्या दोन खोल्या लगेच ठरल्या. उरलेल्या तीन खोल्यांची मांडणी करून पाहिली, तर चार उत्तरं आली. त्यांतल्या तीन उत्तरांमध्ये शिवा आणि बाबू एकमेकांच्या शेजारी येत होते.

त्यांतलं कुठलंही चाललं असतं. पण चार उत्तरांचं कोडं मी कधी छापायला दिलेलं नव्हतं. हद्दीवरच्या दगडी गडग्यावरून ते दोघे भाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते, हे मला ठाऊक होतं, साऱ्या गावालाच ठाऊक होतं. मी कागदावर लिहिलं : ‘४. शिवा व बाबू लगतच्या खोल्यांत नसावेत.’ आता उत्तर एकच आलं. तिसरीत बाबू, पाचवीत शिवा, मधली चौथी रिकामी. मला समाधान वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. यादी सुवाच्य अक्षरात काढली, खाली चारही अटी क्रमवार लिहिल्या, आणि विनोदने ती खांबावर चिकटवली. शिवा, बाबू दोघांनीही ती वाचली. कोणी काही बोललं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असणार.

नवव्या दिवशी दुपारी जेवणानंतर सगळे आडवे झाले होते. चारच्या चहाला शिवाने हाकेला ओ दिली नाही. तो भिंतीशी बसलेल्या अवस्थेत सापडला, हातात स्टीलचा पेला. चौथ्या खोलीकडच्या भिंतीवर, बसल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, चुन्याचे पोपडे उडाले होते. पेल्याचा काठ चेपला होता. पलीकडे बाकडी रचून ठेवलेली होती. तपासणीत करोना निघाला नाही. दमाच होता.

ज्ञानेश्वरीला, त्याच्या मुलीला, मुंबईहून यायला पास मिळाला नाही.

तिच्या पत्राला मी चारपाचदा उत्तर लिहायला घेतलं. ‘त्या वेळची परिस्थिती पाहता’ अशी सुरुवात व्हायची आणि मी कागद फाडायचो. साप्ताहिकाला कोडी पाठवणं बंद केलं. पुढे मुलाकडे रत्नागिरीला राहायला आलो.

गेल्या आठवड्यात डोळे तपासायला गेलो होतो. नर्सने नाव विचारलं, मी सांगितलं, तसा बाकावर शेजारी बसलेला, एका डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला म्हातारा वळला.

“सर ना तुम्ही? ओळखलंत काय?”

“बाबू?”

“मीच. एकच दिवा चालू आहे सध्या.”

“सोबत कोण आहे?”

“कोण असणार? ही गुडघ्यांनी गावच्या घरात बसलेली. ज्ञानू मुंबईहून आली असती, पण ती बोलत नाही माझ्याशी. तिला वाटतं, काकानेच सांगितलं, दादाला लांब ठेवा म्हणून. देवाशपथ सांगतो सर, मी नाही सांगितलं.” तो थोडा वेळ पट्टीखालचं पाणी टिपत राहिला. “दादानेच सांगितलं ना तुम्हाला?”

मी तोंड उघडलं. नेमका तेव्हाच कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. मी हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघत राहिलो. नंबर सतरा होता.

“राहू दे,” बाबू म्हणाला. “तुम्ही भिडेखातर सांगायचे नाही. समजलो मी. त्या दुपारी ठोकल्याचं ऐकलं मी, सर. म्हटलं, कोणीतरी बाकडी सरकवतंय. कूस बदलली नि झोपलो. लगतच्या खोलीत दादा असता, तर दार मोडलं असतं. भांडण काय, भांडण होतंच. पण त्यालाच मी शेजारी नको होतो.”

माझा नंबर आला. मी उठून आत गेलो. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली आणि मला पहिल्या ओळीपलीकडे काही वाचता येईना. बाहेर आलो तेव्हा बाबू गेला होता.

त्या दुपारी घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

‘चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद. चौथी अट माझी होती. तुझ्या बाबांनी ती मागितली नव्हती. काकांनीही नाही, विनोदनेही नाही. तिच्याशिवाय चार उत्तरं येत होती. तीन उत्तरांत ते दोघे भाऊ शेजारी होते. भांडण नको म्हणून मी ती घातली, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला एकच उत्तर हवं होतं. प्रमेयाच्या पक्षात जे दिलेलं नाही ते सिद्धतेत आणायचं नाही, हे मीच तुम्हाला शिकवत होतो. तू मला पाच वर्षांपूर्वी विचारलंस आणि मी भित्रेपणाने गप्प बसलो. त्यामुळे तू आणि तुझे काका दोघांनी जे भोगलं तेही माझ्याकडे येतं.’

पुढे ‘हे काकांनाही कळव’ असं लिहिलं होतं. ते खोडलं. त्याखाली लिहिलं : ‘काकांना मी स्वतः सांगणार आहे. रविवारी सकाळच्या एसटीने गावी जातो.’

पोस्टाच्या दारातच लाल पेटी आहे. साधं टपाल कधी कधी पोचत नाही, हा विचार माझ्या मनात आला, आणि तो का आला हेही कळलं. मी पाकीट घेऊन आत स्पीड पोस्टच्या रांगेत उभा राहिलो.

“पाठवणाऱ्याचं नाव नाही घातलंत, आजोबा,” खिडकीतली मुलगी म्हणाली.

तिच्याकडून पेन घेतलं आणि नाव, पत्ता पूर्ण लिहिला. तिने पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पिशवीत टाकलं.