फळांची करंडी

चादरींच्या घड्या घालणाऱ्या घडीवालीच्या घरात वाद झाला नाही असा रविवार गेल्या वीस वर्षांत क्वचितच गेला असेल. एका बाजूला तिचा नवरा, कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यातला बॉयलरवाला, श्रद्धाळू ख्रिस्ती. दुसऱ्या बाजूला त्याच कारखान्यात फाटक्या चादरी सांधणारा रफूवाला, तितकाच पक्का ज्यू. शनिवारी एकाची प्रार्थना, रविवारी सकाळी दुसऱ्याची. दोन्ही उरकल्या की रविवारी दुपारी दोघे देवाच्या कारभारात नाक खुपसायला मोकळे. घडीवाली म्हणायची, "देव वर कपाळाला हात लावून बसला असेल. या दोघांना कोणीतरी पत्त्यांचा जोड आणून द्या, म्हणत असेल."

विषय ठरलेला. पापाची फेड होते कशी?

"तुमच्याच मंदिरात बळी जात होते ना?" बॉयलरवाला म्हणत होता. "रक्ताशिवाय क्षमा नाही. आमच्या प्रभूने शेवटचा बळी दिला, तोही स्वतःचा. एकदाच, सगळ्यांसाठी. संपलं."

रफूवाल्याच्या हातात घडीवालीचा फाटका एप्रन होता. तो रविवारीही रिकामा बसत नसे. "मंदिर पडलं, वेदी गेली. म्हणून काय तेव्हापासून आमची पापं तुंबून राहिली? माणूस चुकतो, मागे फिरतो, ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. हीच फेड. आणि बळीचंच म्हणशील, तर ज्या गरिबाला कबुतर परवडत नसे त्याने मूठभर पीठ आणलं तरी चालायचं. पिठातून रक्त कुठून काढतोस?"

"आणि तो बोकड? सगळ्यांची पापं त्याच्या डोक्यावर ठेवून तुमचेच लोक त्याला रानात हाकलत होते. एकाचं दुसऱ्यावर जातच नसेल, तर बोकड कशाला?"

रफूवाल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं.

दारात कारखान्याचा मुकादम होता. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस आणि हातात फळांची करंडी. करंडीवर गुलाबी कागद होता. त्या कागदाचा अर्थ साऱ्या गल्लीला पाठ होता.

अकरा दिवसांपूर्वी कारखान्यात वाफेचा मोठा नळ फुटला होता. इस्त्रीच्या दालनातल्या तिघी भाजल्या आणि एक गेली. तिला सगळे हसरी म्हणत. एकोणीस वर्षांची पोर. इस्पितळांच्या लांबरुंद चादरींची घडी एकटीला घालता येत नाही. एका टोकाला घडीवाली आणि दुसऱ्या टोकाला हसरी, असा दोन वर्षांचा जोड होता. त्या दिवशी घडीवाली सुतळी आणायला कोठीत गेली होती, म्हणून ती जिवंत राहिली.

आता चौकशी लागली होती. चौकशी लागली की त्या गावातल्या कारखान्यांत एक रीत पाळली जाई. तिला 'नाव देणं' म्हणत. दोष कोणाचाही असो, तुरुंगात जायला एक कामगार निवडायचा. त्याच्या दारात फळांची करंडी पाठवायची. त्याने 'चूक माझी' म्हणून सही करायची, वर्ष-दोन वर्षं आत काढायची आणि मालकाने त्याच्या घरादाराला सांभाळायचं. गल्लीतल्या चार घरांनी आजवर नाव दिलं होतं. लोक त्या घरांपाशी आवाज खाली आणत, जणू तिथे मोठं पुण्य घडलं होतं. कोपऱ्यावरच्या घरातला माणूस सुटून आल्याला सहा वर्षं झाली. तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसे. त्याची चूक कोणती होती, ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. रीत म्हटलं की माणसं विचार करणं सोडतात, आणि ज्यांचा त्यात फायदा असतो ते ती रीत उन्हापावसापासून जपतात.

मुकादम ऐसपैस बसला. त्याने एक कागद टेबलावर ठेवला. "बॉयलरकडे लक्ष नव्हतं, डोळा लागला होता, एवढंच लिहिलंय. गुरुवारी चौकशीचे साहेब येतील, त्याआधी सही द्या. कारखान्याचं हे घर तुमच्याकडेच राहील. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे ना? तिच्या नोकरीचं माझ्याकडे लागलं."

"पण डोळा लागला नव्हता," घडीवाली म्हणाली.

मुकादमाने तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही तर प्रार्थनेला जाणारे. एकाने सोसलं की सगळे सुटतात, हे तुमच्याच धर्मात आहे. दोनशे लोकांची चूल त्या कारखान्यावर आहे, दादा. मी काय सांगावं तुम्हाला?"

तो गेला. करंडी राहिली.

रफूवाल्याने दोरा दातांनी तोडला. "बोकडाचं विचारलंस ना? बोकडाकडून सही घेत नसत."

बॉयलरवाला कागदाकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मी सही करणार आहे."

"का?" दोघांनी एकदमच विचारलं.

"कारण मी बघितलं होतं."

मग त्याने ते सांगितलं. वाफ फार झाली की ती आपोआप सुटावी म्हणून बॉयलरवर एक झडप असते. इस्पितळाचं मोठं काम आलं होतं, वाफ जास्त हवी होती आणि झडप सारखी उघडत होती. मालकाचा पुतण्या कारभार बघायचा. तो रफूच्या खोलीतून दोन जुन्या लोखंडी इस्त्र्या घेऊन आला आणि झडपेच्या दांड्याला टांगून गेला. "मी म्हणालो, साहेब, हे बरं नाही. तो म्हणाला, तू आपलं काम कर. मी आपलं काम केलं. तीन दिवस त्या इस्त्र्या डोळ्यांसमोर लटकत होत्या."

घडीवालीने तोंडावर हात ठेवला. अकरा दिवस हा माणूस तिच्याशेजारी जेवला होता, झोपला होता. तिला त्याचा राग आला, इतका की तिला पाणी प्यायला उठावं लागलं.

"माझ्या हातून पाप झालंय," तो म्हणाला. "आत जाऊन ते फिटत असेल तर फिटू दे."

"तुझं पाप गप्प राहण्याचं आहे," रफूवाला म्हणाला. "कागदावर दुसरंच लिहिलंय. गप्प राहण्याची फेड आणखी गप्प राहून होत नाही, बाबा. आणि त्याचं पाप तू उचललंस, तर तो आयुष्यात कधी मागे वळणार आहे? उद्या तो तिसरी इस्त्री टांगेल."

"तुझ्या धर्मात तसं असेल. आमच्यात दुसऱ्याचं ओझं उचलणं हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे."

"मग जा. मला हे बघत इथे बसायचं नाही," असं म्हणून रफूवाला एप्रन तिथेच टाकून गेला. वीस वर्षांत तो चहा न घेता पहिल्यांदाच गेला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. करंडी टेबलावरच होती, तिला कोणी हात लावला नाही. गल्लीतल्या बायका नळावर घडीवालीला पुढे जाऊ देऊ लागल्या. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना देतात तसा हा मान होता आणि तो तिला नकोसा झाला. कारखान्यात तिच्या समोरच्या टोकाला नवी मुलगी आली होती. तिच्या हातून चादर सारखी निसटत होती. फळं आतून नासायला लागली, घरात गोडसर कुजका वास भरला. पोरगी म्हणाली, "आई, टाकून दे ना ती." घडीवालीला धीर होईना.

बुधवारी सकाळी नवरा लेखणी घेऊन बसला. ती पीठ मळत होती. तशीच पिठाच्या हातांनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"एक विचारू? मी काही तुमच्यासारखी वाचलेली नाही. तुमच्या प्रभूने जगाचं पाप अंगावर घेतलं, मान्य. पण 'मी केलं' असं तो म्हणाला का कधी?"

त्याने लेखणी कागदावरून उचलली.

"खोटं बोलला का तो? कोण्या मालकाच्या पुतण्याला वाचवायला? त्याच्या दारात करंडी आली होती का?" तिचा आवाज चढला. "त्याने दिलं ते खरं दिलं. तुम्ही हसरीच्या आईला खोटं देताय. तिची पोर कशाने गेली तेसुद्धा तिला कळू देणार नाही, आणि वर त्याला बळी म्हणताय!"

लेखणी खाली ठेवली गेली. दुपारी त्याने सही न करताच तो कागद मुकादमाच्या हाती दिला आणि करंडीही. मुकादमाने कागद खिशात घातला. "बरं. पण करंडीचं एक असतं, दादा. निघाली की ती कोणाच्या तरी दारात जातेच."

पण पुढच्या दारात करंडी गेलीच नाही, थेट पोलीस गेले.

गुरुवारी सकाळी त्यांनी रफूवाल्याला त्याच्या खोलीतून नेलं. इस्त्र्या त्याच्या खोलीतल्या, हा पुरावा. कारखान्यात तासाभरात गोष्ट पसरली आणि घडीवालीने जे ऐकलं त्याने तिचे कान जळाले. "तो आपल्यातला थोडाच आहे?" "शनिवारी काम करत नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं." ज्या बायकांचे पदर-सदरे त्याने वीस वर्षं फुकट सांधले होते त्याच हे बोलत होत्या. जो वेगळा, त्याच्यासाठी फळंसुद्धा लागत नाहीत. त्याच्यावर आळ घालायला सगळे फुकट तयार असतात.

ती धावत बॉयलरपाशी गेली. नवरा भिंतीला टेकून उभा होता, चेहरा राखेसारखा.

"मी सही केली असती तर तो सुटला असता," तो म्हणाला.

"अहो, अजूनही तेच? सही करायची नाही आणि बोलायचंही नाही, हे कसं चालेल? तोंड उघडा! एकदा गप्प राहिलात, हसरी गेली. आता भावजी जातील."

"घर जाईल. पोरीचं..."

"जाऊ दे घर. त्या घरात मी करंडीचा वास घेत जगू?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. "मला भीती वाटत नाही असं समजू नका. पण चला."

चौकशी जेवणाच्या दालनात भरली होती. साहेब लांब टेबलामागे बसले होते, बाजूला मालकाचा पुतण्या घड्याळ बघत होता. पहिल्या बाकावर हसरीची आई होती आणि कडेला दोन पोलिसांमध्ये रफूवाला. बॉयलरवाला आत शिरला आणि साहेबांकडे न जाता हसरीच्या आईसमोर जाऊन उभा राहिला. रफूवाल्याने मान वर केली.

"बाई, झडपेला इस्त्र्या यांनी टांगल्या," त्याने पुतण्याकडे बोट केलं. "मी बघितलं. तीन दिवस बघत होतो आणि कोणाला बोललो नाही. हे माझं पाप आहे. तुमच्याकडे यायला मला पंधरा दिवस लागले."

हसरीची आई बाकावरून उठली.

"तेव्हाच बोलला असतात तर?"

"तर ती असती."

"माफ केलं, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "माझ्याच्याने होणार नाही. पण साहेबांना सांगा. सगळं सांगा. मी ऐकते."

त्याने सगळं सांगितलं. पुतण्या ओरडला, मुकादम ओरडला. साहेबांनी लिहून घेतलं. एका तासाने इस्त्रीच्या दालनातली एक भाजलेली बाई उठली आणि म्हणाली, इस्त्र्या घेऊन जाताना मालकांच्या पुतण्याला मीही बघितलं होतं. एवढंच घडलं. दालन पेटून उठलं वगैरे काही नाही. बाकीचे जमिनीकडे बघत राहिले.

रफूवाल्याला दुपारनंतर सोडलं. दारात दोघे मित्र समोरासमोर आले.

"आपला वाद अर्धवट राहिलाय," बॉयलरवाला म्हणाला. "मी अजून मानतो, एकाने सगळ्यांसाठी दिलं."

"आणि मी अजून मानत नाही." रफूवाल्याचा ओठ सुजला होता, तरी तो हसला. "पण आज तू माझ्या पद्धतीने फेडलंस. आधी तिच्या दारात गेलास."

"तुमचं सोडा," घडीवाली म्हणाली. "आज दोघेही चहा घेऊन जायचं."

आठ दिवसांत घर सोडण्याची नोटीस आली. नवऱ्यावर गप्प राहिल्याबद्दल खटला चालणार होता, ते त्याने कबूल केलं. चौकशी अजून संपली नव्हती आणि पुतण्या मात्र मोटारीतून फिरत होता. शेवटच्या दिवशी सकाळी घडीवाली दाराशी बोचकी बांधत बसली होती. समोरच्या जिन्यावर पावलं वाजली. तिने वर बघितलं. मुकादम चढत होता आणि त्याच्या हातात गुलाबी कागदाची करंडी होती.

वर कोळसेवाल्याचं घर होतं. बॉयलरला कोळसा घालणारा तरुण, लग्नाला वर्ष झालेलं, बायकोला सातवा महिना. दार उघडलं. त्या पोरीने करंडी बघितली आणि तिचा हात आपसूक पोटावर गेला. मग रीतीप्रमाणे तिने करंडी घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

गल्लीतली सगळी दारं किलकिली होती. सगळे बघत होते, आणि बघणारे सगळे चांगले लोक होते.

घडीवालीने बोचकं टाकलं आणि जिना चढली. मुकादमाला ओलांडून ती त्या दोन हातांच्या आणि करंडीच्या मध्ये उभी राहिली.

"घेऊ नकोस, पोरी," ती म्हणाली. "आत घेतलीस की वास जात नाही."

मग ती वळली आणि किलकिल्या दारांकडे बघत मोठ्याने म्हणाली, "तुम्ही काय बघताय? या ना वर. एकटीला घडी घालता येत नाही."