येतंय की जातंय

आमच्या घरात एक बॉम्बफेकी विमान राहतं. राहतं असंच म्हणायला हवं, कारण जागा माणसापेक्षा जास्त लागते त्याला. पंख जेवणाच्या टेबलावर, धड दिवाणामागे, आणि शेपूट माझ्या देवाच्या कोपऱ्याशेजारी भिंतीला टेकवलेलं. पंख आडवा ठेवला की खिडकी उघडत नाही आणि उभा ठेवला की पंखा लावता येत नाही. सून म्हणते, "आई, मला दोन सासरे आहेत. एक बोलतात, एक पाय पसरून पडलेले असतात."

आमचे हे आयुष्यभर लिफ्टच्या दुरुस्तीत होते. निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, कुत्रा पाळतात. ह्यांनी चार इंजिनांचं विमान करायला घेतलं. बाल्सा नावाचं एक हलकं लाकूड असतं, बिस्किटासारखं मोडणारं. त्याच्या फासळ्या कापायच्या, त्यावर कापड ताणायचं, कापडावर रंग. मी एकदा विचारलं, "प्रवासी विमान का नाही केलंत? लोक त्यात बसून कुठेतरी जातात तरी."

"बॉम्बफेक्याला चार इंजिनं असतात," हे म्हणाले. हे उत्तर झालं का, मला आजही ठरवता आलेलं नाही.

पोटाशी दोन दारं केली होती. हातातल्या ट्रान्समीटरवरचं बटण सरकवलं की ती उघडायची.

"आणि पडतं काय त्यातून?"

"काही नाही. उघडतात आणि मिटतात."

"मग उघडायची कशाला?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या देवाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आत बॅटऱ्या बसवून ती दारं कायमची चिकटवली. मी असं करा म्हटलं नव्हतं. वजन पुढे आलं आणि विमान उलट जास्त स्थिर उडायला लागलं, तेव्हा हे म्हणाले की त्यांच्या मनात हे आधीपासूनच होतं.

माझा सकाळचा नेम साधा आहे. उठल्यापासून ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढेपर्यंत मी बोलत नाही. मग दिवा लावते आणि दिवसाचा पहिला शब्द म्हणून देवाचं नाव घेते. घरात सगळ्यांना सवय झाली आहे. दूधवालासुद्धा माझ्याशी बोटांनी बोलतो.

मागच्या हिवाळ्यात हे एकदा मैदानावरून लवकर परत आले. विमान धड होतं, पण ह्यांचा चेहरा नव्हता. दार लावून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अगं, मला ते दिसतं. दिसत नाही असं नाही. पण लांब गेलं की काळा कागद कापून आभाळाला चिकटवल्यासारखं दिसतं. येतंय की जातंय तेच कळत नाही."

मला वाटलं, एवढंच ना. मग ह्यांनी समजावलं. विमान आपल्यापासून लांब जात असेल तर ट्रान्समीटरची दांडी डावीकडे केली की ते आपल्या डावीकडे वळतं. तेच आपल्याकडे तोंड करून येत असेल तर दांडी डावीकडे केली की आपल्या उजवीकडे वळतं. समोरून येणाऱ्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो, तसं. म्हणजे येतंय की जातंय हेच कळलं नाही तर वाचवायला म्हणून केलेली हालचाल त्याला मारते.

"डॉक्टरांना दाखवू या."

"दाखवू. परवानगी झाल्यावर."

एवढ्या मोठ्या विमानांना दरवर्षी नव्याने परवानगी लागते. परीक्षक येतो, त्याच्यासमोर उडवायचं, वळवायचं, उतरवायचं. जमलं नाही तर वर्षभर विमान घरात. "आणि घरात ते मला चालणार नाही," हे म्हणाले. "रोज नजरेसमोर ठेवून उडवायचं नाही? मी पंखापासून कापायला घेईन." ह्यांची करवत मी ओळखते. हे उगाच बोलत नाहीत.

ह्यांचा मैदानावरचा दोस्त दातांचा डॉक्टर आहे. सगळे त्याला अक्कलदाढ म्हणतात, कारण तो उशिरा येतो आणि आला की त्रास देतो. डोळ्यांचं त्याला ठाऊक नव्हतं, पण तो सारखा सांगायचा, "अरे, एका पंखाला खालून नारिंगी पट्टा मार. मला माझंच विमान हरवल्यासारखं होतं, तुझं तर मळकट हिरवं."

"खऱ्याला पट्टा नव्हता."

"खऱ्यात माणसं बसलेली असायची. कुठे चाललोय ते त्यांना माहीत असायचं."

पट्टा काही मारला नाही. त्याऐवजी ह्यांनी मला उभं केलं. विमान येत असलं की मी माझा तळहात ह्यांच्या पाठीवर, उजव्या खांद्याशी ठेवायचा. जात असलं की उचलायचा. बोलायचं काही नाही, म्हणजे कुणाला कळायचं नाही, आणि सकाळचं माझं मौनही राहील. वारा पहाटेच पडलेला असतो, त्यामुळे उड्डाणं सकाळीच होतात. ह्यांना वाटलं, देवानेच सोय केली. मला तसं वाटेना, पण चूक कुठे आहे तेही सापडेना. मौन म्हणजे खोटं न बोलणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. न बोलता खोटं सांगता येतं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

सराव आम्ही घरातच केला. हे डोळे मिटून मधल्या बोळात उभे राहायचे, मी मागून हात ठेवायची, उचलायची, आणि हे पुटपुटायचे, येतंय, जातंय, येतंय. एकदा सून चहाचा कप घेऊन आली आणि दारातच थबकली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"काही नाही."

"आई?"

मी मौनात. मी नुसता हात हलवला.

"चालू द्या," ती म्हणाली आणि वळली. "आमच्याकडे लग्नाला चार वर्षंही झाली नाहीत, तरी कुणी पाठीवर हात ठेवत नाही."

परीक्षेच्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. मैदान म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याची मोकळी जागा. मधोमध डांबराची पट्टी, एका बाजूला गंजलेलं कुंपण, पलीकडे उंच झाडांची रांग. ऊन त्या झाडांच्या शेंड्यांवर आलं की माझं मौन सुटणार होतं. परीक्षक शिडशिडीत, टोपी घातलेला माणूस. हसत नव्हता आणि रागावलेलाही नव्हता. त्याने पंख हलवून पाहिला, चाकं पाहिली, मला नमस्कार केला. मी हात जोडले. त्याने काहीतरी विचारलं, मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच नीट कळलं नाही, कारण इंजिनं तेवढ्यात सुरू झाली होती.

शेपूट धरून ठेवणं हे माझं पहिलं काम. चारही इंजिनं एका सुरात आली की हे मान हलवतात आणि मी सोडते. सोडलं. विमान पट्टीवरून पळालं, शेपूट उचललं, आणि जड माणूस खुर्चीतून उठतो तसं सावकाश वर गेलं. मी धावत ह्यांच्या मागे येऊन उभी राहिले.

पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. हात ठेवला, उचलला. ह्यांचे खांदे सैल होते. परीक्षक थोडा बाजूला उभा राहून लिहीत होता. विमान आमच्या डोक्यावरून गेलं, झाडांकडे निघालं, लहान होत गेलं. मी हात उचलला होता. तेवढ्यात अक्कलदाढ आला, नेहमीप्रमाणे उशिरा. त्याने ते दृश्य पाहिलं, त्याचं मन भरून आलं असावं, आणि त्याने ह्यांच्या उजव्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"झकास," तो हळूच म्हणाला.

ह्यांना वाटलं, येतंय.

ह्यांनी दांडी हलवली. विमान मैदानाकडे वळायचं सोडून कुंपणापलीकडे कलायला लागलं. हे ते सुधारायला गेले आणि ते आणखी कललं. मला सांगायचं होतं की जातंय. पण जातंय सांगायची आमची खूण म्हणजे हात नसणं, आणि तिथे हात होता. मी अक्कलदाढचं मनगट धरलं आणि त्याचा हात उचलला.

"चुकलं का वहिनी काही?" तो कुजबुजला आणि संकोचून दुसरा हात ह्यांच्या डाव्या खांद्यावर ठेवला.

डाव्या खांद्याला आमच्या ठरावात काहीच अर्थ नव्हता. हे जागच्या जागी ताठ झाले. मी तोही हात उचलला. अक्कलदाढने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या अंगात काही आलंय. मला सुटकेसाठी एकच सुचलं, की सगळं नव्याने सुरू करावं, आणि मी स्वतःचा हात ठेवून लगेच उचलला. त्याचा अर्थ काय व्हायला हवा होता, देव जाणे. मलाही माहीत नव्हता.

मग ह्यांनी एक गोष्ट केली, जी मी ह्यांना कधी करताना पाहिली नव्हती. दोन्ही दांड्या सोडून दिल्या. त्या आपोआप मधे आल्या. विमान क्षणभर तसंच तिरकं राहिलं, मग हळूहळू सरळ झालं आणि सरळच चालायला लागलं. बॅटऱ्यांनी आणलेलं स्थैर्य कामाला आलं असावं. पण ते चाललं होतं लांब, अधिकाधिक लांब.

हे आभाळाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "येतंय की जातंय?"

परीक्षकाने लिहिणं थांबवलं.

ऊन अजून शेंड्यांच्या खाली होतं. मी पाहिलं, नाही असं नाही. माझ्या मनात एकाच वेळी इतकं काही आलं की त्यातलं पहिलं कोणतं ते सांगता येणार नाही. देवाचं नाव घेऊन मग उत्तर द्यावं, असंही एकदा आलं. तेवढा वेळ नव्हता.

"जातंय," मी म्हणाले.

आवाज घोगरा निघाला. ह्यांनी दांडी डावीकडे घेतली. "आता?"

"वळतंय. वळतंय. आलं. येतंय."

"सरळ?"

"थोडं तुमच्या उजव्या हाताला. बास. येतंय. खाली घ्या."

झाडांवरून ते आत आलं, चाकं पट्टीला टेकली, एकदा उडी मारली, परत टेकली. शेवटी माझ्या पायाशी येऊन थांबलं. अक्कलदाढ दोन्ही हात स्वतःच्या खिशात घालून उभा होता.

परीक्षक ह्यांच्यापाशी आला. "तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं," हे म्हणाले. "कळत नाही."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"मग मदतनीस का नाही घेतलात? एवढ्या मोठ्या विमानाला शेजारी उभं राहून सांगणारा माणूस लागतोच. नियम आहे."

हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी ह्यांच्याकडे.

"मी बाईंना सुरुवातीलाच विचारलं," परीक्षक माझ्याकडे हात करून म्हणाला, "तुम्ही मदतनीस का म्हणून. बाईंनी अशी मान हलवली." त्याने करून दाखवली. ती नक्कीच नाही म्हणून होती. "त्यावरच मी नापास करणार होतो. डोळ्यांचं तर मला माहीतही नव्हतं."

"म्हणजे लपवलं नसतं," हे सावकाश म्हणाले, "तर..."

"तर आपण आत्तापर्यंत चहा घेत असतो."

अक्कलदाढ म्हणाला, "मला कुणी सांगेल का माझे हात कुठे ठेवायचे?"

परीक्षकाने परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. एक, डोळे तपासून घ्यायचे आणि डॉक्टरांचं म्हणणं त्याला कळवायचं. दुसरी, मदतनीस शेजारी उभा असला पाहिजे आणि त्याने तोंडाने, ऐकू येईल असं बोललं पाहिजे. "खुणा चालणार नाहीत," तो म्हणाला. "आज पाहिलंच."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका डोळ्याचं ऑपरेशन करू म्हटलं आणि दुसऱ्याबद्दल आश्वासन दिलं नाही. म्हणजे मदतनीस लागणार. सून म्हणाली, "मी येते की." दोन दिवस गेली. ती विमानाकडे न बघता फोनकडे बघत येतंय म्हणायची. अक्कलदाढ वेळेवर येत नाही. राहिले मी, आणि वारा पहाटेच पडतो.

मी ह्यांना म्हटलं, "माझा नेम संध्याकाळी नेते."

"संध्याकाळी तू झोपेला आलेली असतेस. ते मौन नाही, पेंग आहे." हे बराच वेळ फासळीला पॉलिशचा कागद घासत राहिले. मग म्हणाले, "मी धरतो तुझं मौन."

"असं दुसऱ्याचं धरता येतं का?"

"मला काय माहीत? तू देवाला विचार."

मी विचारलं. देव काही बोलला नाही, पण त्याचं ते नेहमीचंच आहे.

तेव्हापासून मी पहाटे उठले की देवाचं नाव घेते आणि बोलायला लागते, आणि हे उठले की गप्प असतात. आयुष्यभर जे तोंड बंद झालं नाही, ते आता चहा हवा म्हणून बोटं नाचवतं. दूधवाला गोंधळून गेला आहे. मैदानावर मी ह्यांच्या शेजारी उभी राहून मोठ्याने सांगते आणि हे एक शब्द न बोलता उडवतात. ऊन शेंड्यांवर आलं की हे आधी तिकडे बघतात, मग ओठ हलवतात. काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही.

मौन ह्यांचं झालं की माझं, पुण्य कुणाच्या पदरात पडतं, आणि मोडला तो नेम पुन्हा सांधला गेला की नाही, यातलं मला काहीच कळत नाही. विमान लांब गेलं की अक्कलदाढ हात पाठीमागे बांधून म्हणतो, "वहिनी, तो पट्टा मारायला सांगा ना."

पट्टा अजून मारलेला नाही. खऱ्याला नव्हता.