राखेवरचा पहारा

बंबवाल्या काकांच्या थापा ऐकून आगीसुद्धा लाजून विझत, असं म्हणत. एकदा म्हणे त्यांनी इतकं पाणी मारलं की तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी पलंग वल्हवत जिन्यानं खाली आली. अग्निशमन दलातून निवृत्त झाले, पण तोंडाचा फवारा काही बंद झाला नाही.

काकूंना रक्ताचे जुलाब लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतड्याला सूज आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्षणासाठी असतात. यांच्या पेशी मात्र शत्रू नसताना आतड्यात घुसतात आणि आपलंच घर पोखरतात."

"म्हणजे आमचीच जात!" काका म्हणाले. "आग पडद्याला, अन् आम्ही बुडवायचो अख्खं घर."

काकू पोट धरून हसल्या. "पेशींनाही तुमचीच संगत भोवली म्हणायची."

गोळ्यांनी पेशी निवळल्या. रक्त थांबलं. पण गोळ्यांनी काकूंना सारखं मळमळे, अन्न जाईना.

"अहो, आता बरंय मला. सोडू का गोळ्या?"

"सोड की. बंब परत गेले, आता घंटा कशाला बडवायची?"

हे बोलले कोण? तर प्रत्येक आगीनंतर राख उकरत बसणारे, उलटा हात भिंतीभिंतीला लावून आतली धग शोधणारे, नव्या पोरांवर खेकसणारे काका: "ज्वाळा दिसत नाहीत म्हणजे आग विझली असं नाही, गाढवांनो!"

काकूंनी गोळ्या सोडल्या, आणि पेशी पुन्हा उसळल्या. या खेपेला आतडं फाटलं.

ऑपरेशनला नेताना काकूंनी त्यांचं बोट धरलं. "खरं सांगा. वाचेन ना मी?"

जन्मभर थापा मारलेल्या माणसाला एक थाप जड गेली. "वाचशील की. तुला घरी न्यायला बंब घेऊन येतो, घंटा वाजवत."

"थापाडे मेले," काकू म्हणाल्या, आणि हसल्या.

ऑपरेशन झालं, पण विष अंगभर पसरलं होतं. संध्याकाळी नर्सनं काकांना आत बोलावलं आणि पडदा ओढून घेतला.

 काकांनी सवयीनं उलटा हात काकूंच्या कपाळाला लावला, गालाला लावला, मग तळव्यांना. सगळीकडे नीट तपासलं.

धग कुठेच नव्हती.

तरी ते तिथून हलले नाहीत.