कोबीवरची मच्छरदाणी

मी मच्छरदाणी बोलतेय. मुक्काम विचाराल, तर परसातला कोबीचा वाफा. हसू नका! माझा जन्म काही भाजीपाल्यासाठी झाला नव्हता.

या घरातल्या बाई शिवणकाम करतात आणि त्यांचे यजमान बस चालवायचे. लेक झाली तेव्हा बाईंनी तिच्यासाठी मला शिवलं, चांगली पलंगभर. लेकीला सगळे ठमी म्हणत. तिला झोपवताना ड्रायव्हरसाहेब माझ्या कडा गादीखाली खोचायचे आणि डासांना दम भरायचे, "आता या बघू, कोण येतंय ते!" ठमी खुदकन हसायची. त्या हसण्यावर माझा फार जीव होता.

ठमी मोठी झाली, नोकरीसाठी लांब गेली आणि माझी रवानगी ट्रंकेत झाली.

पुढे साहेब निवृत्त झाले. आयुष्यभर बसभर माणसं वागवलेला माणूस एकदम रिकामा झाला. काहीही विचारा, उत्तर एकच, "हूं." मग त्यांनी कोबी लावला आणि घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. ट्रंकेतसुद्धा मला ते ऐकू यायचं. पण पांढरी फुलपाखरं आली, पानांवर अंडी घालून गेली, आणि अळ्यांनी सगळ्या वाफ्याची चाळण केली.

"आणखी एकदाच लावीन. परत असं झालं, तर तिथे फरशी घालून टाकू," साहेब म्हणाले आणि पुन्हा "हूं"वर आले. बाईंनी धसकाच घेतला. नवी रोपं जरा मोठी होताच त्यांनी ट्रंक उघडून मला बाहेर काढलं.

साहेबांनी काठ्या रोवून मला ताणलं, कडेनं विटा ठेवल्या. मागून, पुढून, वाकून पाहिलं. मुंगीलाही शिरायला वाट नव्हती. फक्त एक राहिलं. पान उलटून कुणीच पाहिलं नाही. अंडी आधीच आत होती!

चिमण्या यायच्या, अळ्यांसाठी माझ्यावर चोची मारायच्या आणि हात हलवत परत जायच्या. मी शत्रूचीच राखण करत होते हो! कळत होतं, पण सांगणार कशी? जीव नुसता तुटत होता.

एके सकाळी बाईंना पानांवर बारीक हिरवट लेंड्या दिसल्या. मला वर केलं, तर पानापानाला भोकं. साहेब विटेवर मटकन बसले.

"झालं. मी हात धुतले यातून. फरशीवाल्याला बोलाव."

"अहो, हात नंतर धुवा, आधी चष्मा लावा," बाई म्हणाल्या. "मधला कोंब शाबूत आहे. गड्डा अजून धरायचाय."

मग दोघं वाफ्याशी बसली. एकेक पान उलटायचं, पिवळी अंडी अंगठ्यानं चिरडायची, अळ्या वेचून अंगणात टाकायच्या. चिमण्यांनी फन्ना उडवला. एक जाडजूड अळी देठाच्या आडोशाला दडली होती. साहेब म्हणाले, "अगं, ही बघ! बिनतिकिटाची बसलीये!" बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटतं, त्यात थोडं रडूही होतं.

त्या खेपेला कोबीचे गड्डे धरले. वरची पानं फाटकी, पण आत घट्ट आणि पांढरेशुभ्र. फरशीचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता मी जुनी झालेय. उन्हानं विरलेय, अंगावर ठिगळं आहेत. तुमच्याकडे एवढंच मागणं, कुणावरही मायेनं पांघरूण घालण्याआधी पान उलटून बघा. नाहीतर आमच्यासारख्या बिचाऱ्या उगीच बदनाम होतात.

आज सकाळी नवी रोपं लागली. साहेबांनी चष्मा लावून पान न् पान पाहिलं, मला पसरलं, कडा विटांखाली नीट खोचल्या. मग फुलपाखरांकडे बघत कितीतरी वर्षांनी म्हणाले, "आता या बघू, कोण येतंय ते!"

ठमी इथे नव्हती. पण मागे बाई उभ्या होत्या, त्या अगदी तिच्यासारख्या खुदकन हसल्या.